जेवणाची 40 मिनिटं: एका वार्षिक मेळाव्याच्या वेळापत्रकाचं प्रकरण

हे काम माझ्याकडे आलं तेव्हा वेळापत्रक तयारच होतं. एक पान, दहा बाबी, शेजारी वेळा. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने ते वरून मंजूरही करून आणलं होतं. माझ्याकडून अपेक्षा एवढीच होती की त्याचं ‘मिनिट टू मिनिट’, म्हणजे मंचावर कोणत्या मिनिटाला काय होणार याची प्रत, करून द्यायचं, मंच सांभाळायचा आणि कार्यक्रम वेळेत संपवायचा.

यंत्रांचे भाग बनवणारी कंपनी, वार्षिक मेळावा, 420 माणसं, एक सभागृह. कार्यक्रम सकाळी 9:30 ते 12:45, मग जेवण, आणि 1:30 ला बसेस. त्या बसेसबद्दल मी पहिल्याच बैठकीत विचारलं, कारण कागदावर त्या दिसत नव्हत्या. उत्तर आलं, “मॅडम, 140 जण दुसऱ्या पाळीचे आहेत. 2 वाजता त्यांना मशीनवर उभं राहायचंय. 1:25 ला जेवण आटोपून बसकडे निघायला हवं.” म्हणजे त्यांच्या जेवणाला 40 मिनिटं होती, आणि ती दहा बाबींच्या शेवटी, सगळ्यांचं झाल्यावर उरणार होती. कार्यक्रम लांबला तर बाकीचे 280 लोक अर्धा तास उशिरा जेवले असते. हे 140 जण उपाशी पाळीवर गेले असते.

कामाचा कागद उघडताना मी एक प्रश्न हल्ली सगळ्यात आधी विचारते: वेळ चुकली तर ती कुणाच्या वाट्यातून जाणार? तो प्रश्न मला या प्रकरणाने दिला, म्हणून ते सविस्तर लिहितेय.

बेरीज बरोबर होती

मूळ कागदावर असं होतं: स्वागत 5 मिनिटं, व्यवस्थापकीय संचालकांचं भाषण 20, वित्तप्रमुखांचा आढावा 20, नव्या यंत्राचं अनावरण 15, मध्यंतर 15, परिसंवाद 40, पुरस्कार 30, सुरक्षा विभागाचं सादरीकरण 15, प्रश्नोत्तरं 25, आभार 10. एकूण 195. साडेनऊ ते पाऊण म्हणजेही 195. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही.

बेरीज इतकी चोख जुळलेली दिसली की मला काळजी वाटायला लागते. ती जुळते कारण कुणीतरी शेवटच्या वेळेपासून मागे येत आकडे बसवलेले असतात. माणसं कामाला लागणारा वेळ कमी धरतात, आणि तसलं काम आधी लांबलेलं आठवत असलं तरी कमीच धरतात. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये या सवयीला नाव दिलं, नियोजनाचा भ्रम. समारंभांत त्याचं एक ठरलेलं रूप दिसतं: प्रत्येक बाबीचा वेळ लिहिलेला असतो, दोन बाबींमधला वेळ कुठेच नसतो.

मी तो मोजायला घेतला. दहा बाबी म्हणजे नऊ सांधे. प्रत्येक सांध्यात काय होतं ते बघा. आधीचा वक्ता थांबतो, टाळ्या वाजतात, तो पायऱ्या उतरतो. निवेदिका पोडियमपाशी येते, पुढच्याची ओळख करून देते. पुढचा माणूस पहिल्या रांगेतून उठतो, वर येतो, माइक आपल्या उंचीला आणतो, पाण्याचा घोट घेतो, कागद सरळ करतो. कुणीही रेंगाळलं नाही तरी दीड मिनिट जातं. नऊ सांध्यांचे साडेतेरा, म्हणजे 14 धरू.

पुरस्कार 36 होते. 30 मिनिटांत 36 म्हणजे प्रत्येकी 50 सेकंद, आणि ऐकायला ते भरपूर वाटतं. मी सभागृह बघायला गेले तेव्हा माझ्या सहकाऱ्याला बाराव्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसवलं, नाव पुकारलं आणि घड्याळ लावलं. शेजाऱ्यांचे गुडघे ओलांडून बाहेर येणं, मधल्या वाटेने चालत येणं, पायऱ्या, हस्तांदोलन, स्मृतिचिन्ह हातात घेणं, फोटोग्राफरकडे बघणं, “सर, एक अजून”, आणि परत खाली. 70 सेकंद. त्याला 36 ने गुणलं की 42 मिनिटं, म्हणजे 12 जास्त.

मध्यंतर 15 मिनिटांचं, दारं दोन, माणसं 420. शेवटच्या रांगेतला बाहेर पडेपर्यंत पहिला आत वळायला लागतो, आणि स्वच्छतागृहासमोरची रांग कुणाच्याही घोषणेने हलत नाही. माझ्या अनुभवात एवढ्या माणसांना 25 मिनिटांच्या खाली मध्यंतर म्हणजे कागदावरचं मध्यंतर. 10 जास्त.

संचालकांच्या भाषणाची संहिता मागवली. सुमारे 3000 शब्द. मंचावरून समजेल अशा गतीने बोलताना मिनिटाला 120 शब्द होतात. म्हणजे 25 मिनिटं, 5 जास्त.

14, 12, 10 आणि 5. झाले 41. जेवणाची 40 मिनिटं पूर्ण जात होती, वर एक.

हा आकडा मी मनुष्यबळ प्रमुखांसमोर ठेवला तेव्हा त्या काही क्षण बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे कुणी काहीही चूक न करता?” हो, कुणीही काहीही चूक न करता.

कात्री कुठे लावायची

पुढचे चार दिवस वाटाघाटींचे होते. हा भाग बाहेरून दिसत नाही, पण खरं काम इथेच होतं. सूचना ताबडतोब आल्या. पहिली सूचना, सुरक्षेचं सादरीकरण काढा, त्याची पत्रकं वाटता येतील. मी नाही म्हटलं. एरवी आशय हा माझा विषय नसतो. पण मेळाव्यात मशीनवर काम करणाऱ्यांच्या हातापायांबद्दलची तेवढी एकच बाब होती, आणि ती पुरस्कारांनंतर, लोकांचं लक्ष दाराकडे लागलेलं असताना ठेवली होती. तिथे ती मधेच तोडली गेली असती हे नक्की. मी ती मध्यंतराच्या आधी आणली आणि तिच्या 15 मिनिटांना हात लावला नाही.

वित्तप्रमुखांच्या 31 स्लाइड होत्या. त्यांच्यासोबत बसून एकेक स्लाइडला विचारलं, शेवटच्या रांगेतल्याला हे दिसेल का, आणि दिसलं तर तो उद्या काही वेगळं करेल का. उरल्या 9. वेळ 20 वरून 12. ते स्वतः खूश होते, त्यांनाही त्या 31 नको होत्या. इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं. संचालकांच्या कार्यालयाने भाषण 2160 शब्दांवर आणलं, म्हणजे 18 मिनिटं, आणि जागा 20 चीच ठेवली. स्वागत 4, अनावरण 12, परिसंवाद 30, प्रश्नोत्तरं 20 आणि प्रश्न मध्यंतरात चिठ्ठीवर, आभार 4. मध्यंतर खरंखुरं, 25 मिनिटांचं.

पुरस्कारांवर सर्वांत जास्त मेहनत घेतली. सगळ्या 36 जणांना डाव्या हाताच्या दोन रांगांत, नाव पुकारण्याच्याच क्रमाने बसवायचं. एक मंचावर असताना पुढचा पायरीशी उभा आणि त्याच्या पुढचा खुर्चीतून उठलेला. वर चढायचं डावीकडून, उतरायचं उजवीकडून. फोटो एकच, आणि मंचावर पांढऱ्या पट्टीची खूण, तिच्यावर पाय ठेवून उभं राहायचं. तालमीत प्रत्येकी 35 सेकंद लागले. 36 जणांचे 21 मिनिटं. मी 23 लिहिले.

चिन्हांवर 1 ते 36 आकडे चिकटवले आणि नावांच्या यादीची मंचावर एकच प्रत ठेवली. त्याचं कारण आहे. 26 फेब्रुवारी 2017 च्या ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नाव चुकीचं जाहीर झालं. मंचाच्या दोन्ही बाजूंना पाकिटांचा एकेक संपूर्ण संच ठेवलेला असतो. त्यातलं आधीच्या पुरस्काराचं शिल्लक राहिलेलं दुसरं पाकीट निवेदन करणाऱ्यांच्या हाती गेलं, आणि विजेते समजले गेलेले लोक बोलायला लागल्यावर मंचावरच दुरुस्ती करावी लागली. अडचण येऊ नये म्हणून ठेवलेली जादा प्रतच तिथे नडली. आमच्याकडे पाकिटं नव्हती, पण पुरस्कार घेणाऱ्याच्या हातात दुसऱ्याच्या नावाचं चिन्ह पडलं तर त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी एकदा पाहिलंय. ते पुन्हा बघायचं नव्हतं.

नवी बेरीज: बाबींची 165, सांध्यांची 14, एकूण 179. 195 मधून उरले 16.

हे 16 कुठे ठेवायचे यावर चर्चा झाली. सगळे शेवटी ठेवा, असं बहुतेकांचं मत होतं. मला ते पटत नाही. शेवटी ठेवलेला मोकळा वेळ सगळ्यांना दिसतो आणि प्रत्येक जण मनातून त्यातलाच एकेक मिनिट उचलतो. अमेरिकेच्या अंतराळयानांच्या उलट्या मोजणीत एक पद्धत होती, ती मी उचललीय. स्पेस शटलच्या उड्डाणाआधी घड्याळ उणे 20 मिनिटांवर आणि पुन्हा उणे 9 मिनिटांवर मुद्दाम थांबवलं जाई. आकडा तिथेच स्थिर, खरा वेळ मात्र पुढे सरकतोय, आणि तेवढ्या अवधीत मागे पडलेली कामं गाठून घ्यायची. थांबा आधीच आखलेला, त्यामुळे तो घेतला म्हणून उशीर झाला असं होत नाही. मी असेच दोन थांबे आखले: मध्यंतराच्या आधी 6 मिनिटं आणि प्रश्नोत्तरांच्या आधी 10. ते फक्त माझ्या आणि तंत्रज्ञांच्या प्रतीत होते. वक्त्यांच्या प्रतीत नव्हते.

शेवटी कात्रीची यादी. वेळ मागे पडली तर काय जाईल, कोणत्या क्रमाने जाईल आणि कोण सांगेल, हे दोन दिवस आधी लिहून सह्या घेतल्या. मध्यंतरानंतर 6 मिनिटांपेक्षा जास्त मागे असलो तर परिसंवादाची शेवटची फेरी जाईल, 8 मिनिटं वाचतील. पुरस्कारांनंतरही मागे असलो तर प्रश्नोत्तरं 20 ची 10 होतील. सुरक्षा आणि पुरस्कारातलं एकही नाव कधीच जाणार नाही. 8 मिनिटांपर्यंतचा निर्णय माझा, त्यावरचा मनुष्यबळ प्रमुखांचा. त्या पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसतील, म्हणजे मला तिथवर वाकून पोचता येईल.

एक ओळ जवळून

मंचाच्या प्रतीतली अनावरणाची ओळ अशी होती. वेळ 10:27, अवधी 12. मंचावर निवेदिका, हातातला माइक 1. डाव्या पडद्यामागे विकास विभागाचे अभियंता, कॉलर माइक 3, 10:20 ला चालू करून तपासलेला. ‘आता बघू या’ या शब्दांवर सभागृहातले दिवे खाली, दोन मोजून चित्रफीत, 90 सेकंद. चित्रफितीतला शेवटचा आवाज धातूवर धातू आपटल्याचा. त्यावर मंचाचे दिवे पूर्ण, आच्छादन बाजूला, अभियंता चालत पुढे. आणि शेवटच्या रकान्यात: आवाज आला नाही तर चित्रफीत थांबवायची नाही, माइक 3 उघडा, अभियंता दृश्यावर बोलतील.

शेवटचा रकाना मी प्रत्येक ओळीला लिहायला लावते. तंत्रज्ञांना कंटाळा येतो. पण मोडलं तर काय, याचा विचार अंधारात, कानात हेडसेट असताना करता येत नाही.

त्या दिवशी

पहिला फटका मंचाआधीच बसला. तिन्ही बसेस 9:15 ला एकदम आल्या. नोंदणीला चार टेबलं होती आणि प्रत्येक नावाला 20 सेकंद लागत होते. दुसऱ्या पाळीचे 140 आणि आधीच उभे असलेले, सगळे एका दालनात. 9:28 ला हेडसेटवर विचारणा आली, “सुरू करायचं का? संचालक तयार आहेत.” दारातून बघितलं तर 90 माणसं बाहेर, आणि जवळपास सगळी पाळीवाली. सगळा हिशेब ज्यांच्यासाठी मांडला त्यांनाच वगळून स्वागत करायला मन तयार होईना. मनुष्यबळ प्रमुखांना विचारलं, त्या म्हणाल्या थांबा. 9:41 ला सुरू झालो. 11 मिनिटं गेली.

संचालकांनी भाषणाच्या मध्यावर कागद बाजूला ठेवला. त्यांच्या समोर जमिनीवर टायमर होता. तो पिवळा झाला, मग लाल झाला. ते मशीनशी पहिल्यांदा कधी उभे राहिले त्याबद्दल बोलत होते आणि सभागृह निःशब्द होतं. अशा वेळी पोडियमवर चिठ्ठी पाठवणारी माणसं असतात. मी पाठवली नाही. 27 मिनिटं झाली, म्हणजे आणखी 7 गेली. वित्तप्रमुख 11 मिनिटांत आटोपले, एक परत आला. सुरक्षा पूर्ण 15 मिनिटं झाली.

अनावरणात चित्रफितीला आवाज आला नाही. लॅपटॉप मधल्या वेळेत झोपला होता आणि जागा होताना त्याने आवाज स्वतःच्या स्पीकरला वळवला होता. माइक 3 चार सेकंदांत उघडला. अभियंता पडद्यामागून बोलायला लागले, आवाज आधी जरा कापरा होता, मग सावरला. नंतर कित्येकांनी सांगितलं की ते तसंच ठरलं होतं असं वाटलं. लॅपटॉपची झोप बंद करणं हे माझ्या तपासणी यादीत नव्हतं. आता आहे.

पहिल्या थांब्याची 6 मिनिटं वापरून मध्यंतर 10:56 ला सुरू झालं. हिशेबाने आम्ही 11 मिनिटं मागे. सही केलेला नियम सांगत होता की 6 च्या वर असलो तर परिसंवादाची शेवटची फेरी काढा. मी संचालन करणाऱ्यांच्या हाती चिठ्ठी दिली. परिसंवाद 30 ऐवजी 22 मिनिटांत संपला.

पुरस्कार 22 मिनिटांत झाले, अपेक्षेपेक्षाही एक कमी. छत्तिसावं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी घड्याळ बघितलं, 12:09. आम्ही 2 मिनिटं मागे होतो आणि समोर 10 मिनिटांचा थांबा आख्खा शिल्लक होता. म्हणजे 8 मिनिटं पुढे. मी नुकतीच कापलेली तीच 8 मिनिटं.

ती प्रश्नोत्तरांना दिली. 26 मिनिटं चालली, चिठ्ठ्यांशिवाय उभं राहून विचारलेले प्रश्नही घेता आले. आभार संपले 12:42 ला. जेवणं शांतपणे झाली. तिन्ही बसेस 1:30 ला हलल्या.

जे चुकलं

सगळे अभिनंदन करत होते आणि मी कागदावर पुन्हा बेरीज करत होते. परिसंवाद पूर्ण ठेवला असता तर? 11 मागे, पुरस्कारांचा एक परत, थांब्याचे 10. शून्य. कार्यक्रम ठरल्या वेळी संपला असता, प्रश्नोत्तरांना त्यांची 20 मिनिटं मिळूनही.

ती शेवटची फेरी एका गुणवत्ता तपासनीस बाईंची होती, दुसऱ्याच पाळीच्या. पाच जणांच्या परिसंवादात कारखान्याच्या मजल्यावरून आलेल्या त्या एकट्या. दोन दिवस आधीच्या तालमीत त्या दुमडलेला कागद घेऊन आल्या होत्या, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, आणि मला विचारलं होतं, “मॅडम, इंग्रजी शब्द आले तर चालतील ना?” मेळाव्याच्या दिवशी त्या मंचावर 22 मिनिटं बसल्या, दोनदा मान डोलावली आणि टाळ्यांसोबत उतरल्या.

नियम माझाच होता, म्हणून चूक शोधायला फार लांब जावं लागलं नाही. दुसरा थांबा मी मनातल्या मनात पुरस्कारांना देऊन टाकला होता. पुरस्कार लांबतातच, असं गृहीत धरून. ते कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलं नसल्यामुळे मध्यंतराच्या वेळी ‘पुढे किती शिल्लक आहे’ हा प्रश्नच मी विचारला नाही. फक्त ‘किती मागे आहोत’ एवढंच बघितलं. दुसरं, मी फार लवकर कापलं. पुढे प्रश्नोत्तरं होती, ती 10 मिनिटांनी आक्रसू शकत होती. पुढे आक्रसणारं काही आहे तोवर मधल्या माणसाचं बोलणं तोडायची घाई नको होती. पुरस्कार खरोखर लांबले असते तर चिठ्ठ्यांवरचे प्रश्न कमी घेता आले असते आणि उत्तरं नंतर लेखी देता आली असती. बाईंचा मंच नंतर देता येत नव्हता.

आणि तिसरं, जे मला सर्वांत जास्त लागलं. वेळ कुणाच्या वाट्यातून जाणार हे मी जेवणाबाबत विचारलं आणि कात्रीच्या यादीत विचारलं नाही. तिथे मी ‘शेवटची फेरी, 8 मिनिटं’ असं लिहिलं. ‘8 मिनिटं, तपासनीस बाईंची’ असं लिहिलं असतं तर मनुष्यबळ प्रमुखांनी त्यावर सही केली नसती. मीही तो कागद पुढे केला नसता.

जेवणाच्या वेळी मी त्यांना शोधलं. त्या रांगेत होत्या. मी सांगितलं की फेरी कापायची गरज नव्हती, हिशेब माझा चुकला. त्या म्हणाल्या, “असू दे मॅडम, वेळ झाली होती ना.” वेळ झाली नव्हती, हे मी पुन्हा सांगितलं. तेव्हा त्यांनी पर्समधून कागद काढला आणि म्हणाल्या, मग हे तुम्ही तरी वाचा. मी तिथेच उभ्याने वाचला. तपासणीत नाकारलेला भाग नेमका का नाकारला हे पुढच्या पाळीला कळतच नाही, म्हणून तीच चूक रात्री पुन्हा होते, आणि त्यावर साध्या तीन रकान्यांच्या वहीचा उपाय. दोन मिनिटांत वाचून झाला.

आढाव्याच्या बैठकीत मी तो कागद त्यांच्या परवानगीने संचालकांसमोर ठेवला, माझ्या चुकीच्या हिशेबासकट. त्यांनी वाचला आणि बाईंना पुढच्या उत्पादन बैठकीला बोलवायला सांगितलं.

माझ्या कोऱ्या नमुन्यात त्यानंतर दोन रकाने वाढलेत. एक प्रत्येक थांब्यासमोर: ‘हा कशासाठी राखलाय’. दुसरा कात्रीच्या यादीत, मिनिटांच्या आकड्याशेजारी, आणि तिथे माणसाचं नाव लिहिल्याशिवाय मी सहीसाठी कागद पाठवत नाही.